मोर्चा निघाला, पण कागद कोठे आहे?



आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात गेल्या पाच-सात वर्षांत आपल्या माणसांवर जे अत्याचार झाले, त्यांची यादी आपणांस करता येईल काय? नुसती आठवण नव्हे, यादी. कोणत्या तारखेला काय घडले, फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदली गेली, गुन्ह्याचा नंबर काय, दोषारोपपत्र केव्हा गेले, शासनाचे अर्थसाहाय्य किती मिळाले व किती राहिले, साक्षीदारांपैकी कोण गाव सोडून गेले आणि अखेर निकाल काय लागला? हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे सभांतून विचारीत आलो आहे. उत्तरादाखल मला नेत्यांची नावे सांगण्यात येतात. मोर्चाला किती माणूस जमला होता ते सांगण्यात येते. निवेदन देताना जिल्हाधिकाऱ्यांना कसे निरुत्तर केले, याची रसभरित हकीकतही ऐकावयास मिळते. यादी मात्र मिळत नाही.

एक प्रकरण सांगतो. गावाचे व माणसांचे नाव सांगत नाही, कारण ती माणसे अजून त्याच गावात राहतात. एक विधवा बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या कचेरीत आल्या. पाणवठ्यावरील वादातून त्यांना व त्यांच्या दिराला मारहाण झाली होती, आणि दोन वर्षांनी साक्षीचे समन्स आले होते. बाईंच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर मोकळी केली. तीत तीन वस्तू निघाल्या : वर्तमानपत्राचे कात्रण, पाच संघटनांच्या सह्यांचे निवेदन आणि मोर्चाचा फोटो. फोटोत बाई शेवटच्या रांगेत होत्या. फिर्यादीची प्रत नव्हती. दवाखान्याचा कागद नव्हता. जातीचा दाखला नव्हता. निवेदनात घटनेची तारीख एका दिवसाने चुकली होती आणि मारणाऱ्यांच्या नावांत असे एक नाव घातले होते की, तो इसम त्या दिवशी गावातच नव्हता. निवेदनाखाली बाईंचाही अंगठा घेतलेला होता. उलटतपासात आरोपींच्या वकिलाने नेमका तोच कागद पुढे केला व विचारले, "हा अंगठा तुमचाच ना?"

आरोपी सुटले. तपासातही दोष होते, सरकारी पक्षही सुस्त होता, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या कागदाने बाईंचा शब्द खोटा पाडला, तो कागद पोलिसांनी लिहिला नव्हता. तो आपण लिहिला होता. त्या पाच संघटनांपैकी एकीच्याही दप्तरात त्या प्रकरणाचे टिपण नव्हते. एका कार्यकर्त्याला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आम्ही रस्त्यावरची माणसे. कागद लिहिणे हे कारकुनाचे काम."

या एका वाक्याविरुद्ध आज मला आपणांशी बोलावयाचे आहे.

रस्त्यावर उतरण्याचा सर्वांत मोठा धडा आपणांस कोणी दिला? महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. पण त्या तळ्याचा दावा किती वर्षे चालला हे किती जणांस ठाऊक आहे? डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्य मंडळींनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली व मनाईहुकूम मिळविला. सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडात जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम तहकूब केला व लढा न्यायालयात नेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. म्हणजे पाणी एका दिवसात प्याले, आणि ते पिण्याचा हक्क कागदावर सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली.

तो हक्क कशाने सिद्ध झाला? घोषणांनी नव्हे. तळे खाजगी आहे, हा वाद्यांचा एक मुद्दा. त्यास उत्तर होते नगरपालिकेच्या मालकीचे. अस्पृश्यांना मनाई करण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, हा दुसरा मुद्दा. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या न्यायासनाने म्हटले की, अशी अनादि वहिवाट वाद्यांना शाबीत करता आलेली नाही. त्याच्या आधी मुंबई कायदेमंडळातील सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव होता, आणि तळे सर्वांस खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. पुढे नगरपालिकेने तो मागे घेतला, ही गोष्ट वेगळी. ठराव, मालकीची नोंद, साक्षीपुरावा : यांच्या बळावर जो खटला जिंकला गेला, त्याच्या वारसांनी कागदाला कारकुनाचे काम म्हणावे?

आणखी एक दाखला देतो. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. तिचा अहवाल १९३० साली बाहेर पडला. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांना गावकरी बहिष्काराचे हत्यार वापरून कसे नमवितात, ते त्या समितीने नमूद केले होते. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडताना बाबासाहेबांनी याच अहवालाचा आधार घेतला. आमच्यावर बहिष्कार पडतो, हे त्यांना स्वानुभवाने सांगता आले असते. तरीही त्यांनी सरकारच्याच समितीने लिहिलेला कागद सरकारपुढे ठेवला. ज्याने स्वतः अपमान भोगला, त्यानेही नुसत्या आपल्या शब्दावर विसंबू नये, हा त्यातील बोध आम्ही घेतला नाही.

आता शिकलेल्या मंडळींकडे वळतो, कारण दोष केवळ रस्त्यावरील कार्यकर्त्याचा नाही. समाजकार्य हे आता पदवीचे शास्त्र झाले आहे. अमेरिकेत मेरी रिचमंड या विदुषीने १९१७ साली त्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि माणसाच्या अडचणीचा पुरावा कसा गोळा करावा, तो कसा पारखावा, हे मांडले. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने या विषयाचे विद्यालय निघाले. तेव्हापासून हजारो तरुण-तरुणी हे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. आपल्या समाजाचीही पुष्कळ मुले त्यांत आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे. प्रत्येक माणसाच्या प्रकरणाची स्वतंत्र फाईल ठेवावी, भेटीची नोंद त्याच दिवशी लिहावी, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे, स्वतःचे मत तिसरीकडे लिहावे, ठराविक मुदतीने सर्वांनी बसून प्रकरणाचा आढावा घ्यावा : हे सर्व त्यांना शिकविलेले असते.

मग होते काय? संस्था निघते. फाईलही निघते. पण ती कोणासाठी? देणगीदाराला वर्षअखेरीस अहवाल पाठवावयाचा असतो. त्यात किती 'लाभार्थी' झाले याचा आकडा लागतो, एक करुण कहाणी लागते आणि एक छायाचित्र लागते. तेवढे भरले की फाईल बंद होते. प्रकल्पाची मुदत तीन वर्षांची आणि खटला चालतो सात वर्षे! प्रकल्प संपला की कार्यकर्ती दुसरीकडे नोकरीला जाते, कपाट कुलूपबंद होते, आणि ज्या बाईचे दुःख त्या फाईलीत लिहिलेले असते, तिला तिचीच हकीकत वाचावयास मिळत नाही. मी विचारतो, ती फाईल कोणाच्या मालकीची? माझ्या मते ती त्या बाईची आहे. संस्थेने तिची प्रत ठेवावी. संस्था मालक नव्हे. ज्या संस्था पीडितेला तिच्याच फाईलीची नक्कल देत नाहीत, त्यांनी 'सबलीकरण' हा शब्द आपल्या पाटीवरून पुसून टाकावा.

कायद्याने आपणांस काय दिले आहे, ते नीट ध्यानात घ्या. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला, त्याचे नियम १९९५ साली झाले आणि २६ जानेवारी २०१६ पासून त्यात महत्त्वाची दुरुस्ती लागू झाली. त्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखविणे, मगच सही घेणे आणि तिची प्रत तत्काळ देणे हे पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकराला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, शिक्षा सांगितली आहे. कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने हरिराम भांभी यांच्या प्रकरणात २०२१ साली हे बंधनकारक आहे असे स्पष्ट सांगितले. त्याच कलमात सामाजिक कार्यकर्ते, संस्था किंवा वकील यांची मदत घेणे हा पीडिताचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे कार्यकर्ता आता उपरा राहिलेला नाही. कायद्याने त्याला जागा दिली आहे. त्या जागेवर तो रिकाम्या हाताने जाऊन बसतो, हे आमचे दुर्दैव.

तद्वतच आढाव्याचे. नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, आणि तीन महिन्यांतून निदान एकदा तिची बैठक झाली पाहिजे. राज्याच्या समितीचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री; तिने वर्षातून निदान दोनदा, जानेवारीत व जुलैत, बसावयाचे. जिल्ह्याच्या समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सभासद घेण्याची तरतूद आहे. ही माणसे बहुधा आपलीच असतात. ती बैठकीत काय करतात? समाजकल्याण खात्याचा अधिकारी तक्ता वाचून दाखवितो : इतकी प्रकरणे दाखल, इतकी प्रलंबित, इतक्यांना अर्थसाहाय्य. सभासद माना डोलावतात, चहा येतो, इतिवृत्तावर सह्या होतात. हा आकड्यांचा आढावा झाला. प्रकरणाचा आढावा निराळा. अमुक गावच्या प्रकरणात दोषारोपपत्र साठ दिवसांत का गेले नाही, आणि विलंबाचे कारण लेखी दिले आहे काय? तमुक प्रकरणातील तिसरा साक्षीदार आरोपीच्या शेतावर मजुरीस जातो, त्याच्या संरक्षणाचे काय केले? मागील बैठकीत जे ठरले, ते कोणी केले? असे प्रश्न विचारावयाचे तर सभासदाच्या हातात स्वतःची वही पाहिजे. ती नसते, म्हणून अधिकाऱ्याचा तक्ता हेच सत्य ठरते. सभासदत्वाचे पत्र चौकटीत लावून भिंतीवर टांगणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना हे कडू लागेल. लागो.

खैरलांजीचे स्मरण देतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चार जणांची हत्या झाली आणि सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली खुनाबद्दल शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध मानला नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०१० साली तेच मत ठेवले आणि फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. हे मत मला पटत नाही, हे मी वकील म्हणून सांगतो. परंतु सगळ्या महाराष्ट्राला जे जातीचे कृत्य म्हणून दिसत होते, ते न्यायालयाच्या कागदात उतरले नाही, ही गोष्ट उरतेच.

जात कागदात उतरते कशी? येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण खटले येथेच बुडतात.

पहिली गोष्ट, जागा. जातीवरून सार्वजनिक दृष्टिपथात अपमान झाला पाहिजे, असे कायद्याचे शब्द आहेत. हितेश वर्मा यांच्या २०२० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही. तेव्हा टिपणात नुसते "जातिवाचक शिवीगाळ केली" असे लिहून भागत नाही. कोठे उभे होते, दार उघडे होते काय, रस्त्यावरून दिसत होते काय, तेथे घरच्यांशिवाय आणखी कोण होते, हे त्याच दिवशी लिहा. शिवीचा शब्द जसा उच्चारला तसाच लिहा. लाजू नका, लाज उच्चारणाऱ्याची.

दुसरी गोष्ट, ओळख. गंभीर गुन्ह्यांत आरोपीला पीडिताची जात ठाऊक होती हे दाखवावे लागते. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल तर ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद कलम ८ मध्ये २०१६ पासून आहे. मग ओळख लिहा : शेजारचे शेत, एकाच शाळेत मुले, पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी. आम्ही लिहीत नाही, कारण गावात सर्वांना ठाऊकच असते. न्यायाधीश त्या गावचे नसतात.

तिसरी गोष्ट आपणां नवदीक्षितांच्या घरची आहे. आरोपीचा वकील उठून विचारतो, "तुम्ही तर बौद्ध, मग अनुसूचित जातीचे कसे?" आणि आपला माणूस गोंधळतो. उत्तर सरळ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तो दर्जा मिळाला. परंतु उत्तर तोंडी देऊन चालत नाही; दाखला हवा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी, मुलाच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' : अशी स्थिती घरोघरी आहे. जुने दाखले फाडू नका, खोडू नका. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या वेळच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो बहुधा याच जीर्ण कागदांत असतो. कित्येक तरुण मला उसळून म्हणतात, "आम्ही जात टाकली, मग ती कागदावर का मिरवावी?" भावना मला समजते. आपण जात टाकली, पण मारणाऱ्याने टाकलेली नाही. दाखला आपल्या मनाचा नाही. त्याच्या कृत्याचा पुरावा आहे.

मोबाईलवरील चित्रफितींचे तर विचारूच नका. घटना घडते, दहा जण चित्रण करतात, सायंकाळी ती साऱ्या जिल्ह्यात फिरते. खटल्याच्या वेळी मूळ फोन कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून चित्रण कोणी केले, कोणत्या फोनवर, किती वाजता, हे वहीत लिहा, फोन विकू नका आणि मूळ चित्रण पुसू नका. पीडित स्त्रीचे नाव व तोंड जगभर फिरविणे हे तर लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात स्वतःच गुन्हा आहे. तो गुन्हा आपलेच उत्साही तरुण करतात.

येथे मला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. विधी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलो होतो, तेव्हा चार साक्षीदारांचे अर्ज मी एकाच भाषेत लिहून दिले. 'बळकट' व्हावेत म्हणून. चौघांच्या तोंडी तेच वाक्य, तोच क्रम. उलटतपासात एका अडाणी म्हाताऱ्याला त्या वाक्यातील एका संस्कृत शब्दाचा अर्थ विचारला. त्याला सांगता आला नाही. त्या दिवशी मी बाकावर बसून खाली मान घातली, ती आजही आठवली की वर होत नाही. माणूस बोलला तेवढेच लिहावे. त्याला आठवत नसेल तर "आठवत नाही" असे लिहावे. खोट्या बळकटीने खरे प्रकरण मरते.

कोणी म्हणेल, गावात अशी वही ठेवणे धोक्याचे. ती आरोपींच्या हाती पडली तर? शंका रास्त आहे. उत्तर वही न ठेवणे हे नव्हे. मूळ कागद कुटुंबाकडे, एक नक्कल वकिलाकडे, एक तालुक्याच्या ठिकाणी विश्वासू माणसाकडे. साक्षीदारांचे पत्ते निराळ्या पानावर. अर्ज दिला की त्याची पोच घ्या. पोच देत नाहीत तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती टाचून ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा कोणालाही देऊ नका, मग तो मागणारा आपला पुढारी का असेना.

आणि आढावा. विहारात पौर्णिमेला आपण जमतो. वंदना झाल्यावर अर्धा तास, पाच-सहा जबाबदार माणसे, त्यांत निदान निम्म्या भगिनी, दार लावून वही उघडा. स्त्रीवरील अत्याचाराचे प्रकरण स्त्रियांनीच पाहावे. प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न : गेल्या पौर्णिमेला काय ठरले होते, ते झाले काय, आणि आता कोणी कोणत्या तारखेपर्यंत काय करावयाचे. पुढची तारीख कोणती आहे हे कुटुंबाला सांगा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पोलिसांनी फिर्यादीला कळवावयाची असते. कळविली नसेल तर त्याच बैठकीत पत्र लिहा. जिल्हा समितीची बैठक केव्हा झाली आणि तीत आपल्या प्रकरणाविषयी काय ठरले, याची नक्कल माहितीच्या अधिकाराखाली मागवा. मी स्वतः अशी नक्कल एका जिल्ह्यातून मागविली होती. उत्तर आले की, त्या वर्षी बैठकीच झालेल्या नाहीत. ते उत्तर मी जपून ठेवले आहे. राज्य समितीकडे अर्ज करताना त्याच्यासारखा दुसरा कागद मला सापडला नसता.

त्या विधवा बाईंविषयी एक सांगावयाचे राहिले. निकालानंतर अपील करावयाचे ठरले. सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितालाही आहे. त्यांचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्याने दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर गुन्ह्याचा नंबर घातला आणि आईला समोर बसवून पहिल्या दिवसापासून लिहावयास सुरुवात केली. दवाखान्यातील केसपेपरची नक्कल त्याने चार खेटे घालून मिळविली. अपील अद्याप प्रलंबित आहे. ती वही आता एकशेबाराव्या पानावर आली आहे.